पोरं एकत्र गेम खेळतात तेव्हा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गणपतीत आमच्या मंडळाची मोबाइल गेमची स्पर्धा असते. नावनोंदणीसाठी फलकावर नंबर दिला की पुढे वर्षभर त्यावर मेसेज येत राहतात. स्पर्धेबद्दल थोडे, घरातल्या पोराबद्दल फार. पोरंही विचारतात, बहुतेक रात्री अकरानंतर. तेच तेच प्रश्न इथे एकत्र केले आहेत. बहुतेक सगळं बीजीएमआय आणि फ्री फायर मॅक्स हे गोळ्या झाडायचे मोबाइल गेम खेळणाऱ्या बारा ते अठरा वयाच्या मुलामुलींबद्दल आहे. मी स्पर्धा घेणारा माणूस आहे, डॉक्टर नाही. जिथे डॉक्टरचं काम आहे तिथे तसं लिहिलं आहे.

१. आम्ही सगळ्याला पबजीच म्हणतो. पोरं नक्की खेळतात काय?

पबजी मोबाइलवर भारतात २ सप्टेंबर २०२० ला बंदी आली. त्याच कंपनीचा भारतापुरता गेम, म्हणजे बीजीएमआय (बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया), जुलै २०२१ मध्ये आला, जुलै २०२२ मध्ये अ‍ॅप स्टोअरवरून काढला गेला आणि मे २०२३ मध्ये परतला. नाव मात्र पबजीच राहिलं, कुठल्याही वनस्पती तुपाला डालडा म्हणतात तसं. फ्री फायरवर फेब्रुवारी २०२२ मध्ये बंदी आली, पण त्याची मॅक्स ही आवृत्ती चालू राहिली.

खेळ असा: शंभर जण विमानातून बेटावर उड्या मारतात, घराघरांतून हत्यारं गोळा करतात (ही 'लूट'), खेळायची जागा म्हणजे 'झोन' आक्रसत जातो आणि शेवटी उरेल तो संघ जिंकतो. फ्री फायरमध्ये साधारण पन्नास जण असतात आणि मॅच लवकर आटोपते. संघ बहुधा चौघांचा, त्याला 'स्क्वॉड' म्हणतात.

एक नियम पालकांनी लक्षात ठेवावा. स्क्वॉडमध्ये गोळी लागून पडलेला गडी लगेच मरत नाही, तो 'नॉक' होतो आणि रांगत राहतो. सोबत्याने जवळ येऊन काही सेकंद थांबून 'रिव्हाइव्ह' दिला तर तो उठतो. म्हणजे तुमचा जीव दुसऱ्याच्या हातात, आणि त्याला तुमच्यासाठी स्वतःचा जीव धोक्यात घालावा लागतो. पोरांची निम्मी भांडणं आणि बरीचशी मैत्री या एका नियमातून निघते.

२. "दोन मिनिटांत आलो" म्हणतो आणि अर्धा तास हलत नाही. खोटं बोलतो का?

अर्धं खरं, अर्धं खोटं. एरँगल हा मोठा नकाशा शेवटपर्यंत खेळला तर अर्धा तास लागतो. मध्ये थांबवायचं बटण नाही, असू शकत नाही, कारण समोर खरी माणसं आहेत. रँकच्या मॅचमधून मध्येच उठलं तर पॉइंट जातात आणि बाकीच्या तिघांना चौघांशी लढावं लागतं. पोराला पॉइंटपेक्षा या दुसऱ्या गोष्टीची भीती जास्त असते. उद्या शाळेत तेच तिघे भेटणार असतात.

खोटं सुरू होतं ते मॅच संपल्यावर. निकालाचा पडदा गेला की 'लॉबी' येते आणि तिथे कोणीतरी लगेच 'स्टार्ट' दाबतो. तेव्हा "आत्ता ऊठ" म्हणण्यापेक्षा "ही संपली की ऊठ, नवी लावायची नाही" असं सांगा, आणि लॉबीच्या वेळी खोलीत उभे राहा. हे वाक्य पाळलं जातं, कारण ते खेळाच्या नियमात बसतं.

एक पळवाट पोरं वापरतात: स्वतः मेलेला असतो, पण "टीम जिवंत आहे" म्हणून बघत बसतो. तेव्हा तो उठून ताटावर बसू शकतो. अर्थात काही मोडमध्ये मेलेल्याला सोबती परत बोलावू शकतात, त्यामुळे "मला परत आणतायत" हे दर वेळी थाप नसतं.

३. मित्रांबरोबर पार्किंगमध्ये बसून खेळतात तेव्हा हसतखिदळत असतात. तोच मुलगा खोलीत हेडफोन लावून खेळताना ओरडतो. असं का?

सगळ्यांत जास्त विचारला जाणारा आणि सगळ्यांत कामाचा प्रश्न हा आहे.

आधी पार्किंगमध्ये काय चालतं ते बघा. दोघे स्कूटरच्या सीटवर, एक पायरीवर, चौथा मीटरच्या पेटीखाली, कारण चार्जरची वायर तिथपर्यंतच पोचते. "ए मागं बघ, मागं!" "अरे रिव्हाइव्ह दे ना मला." "स्मोक टाक आधी, येतो." तो येत नाही, लूट उचलत बसतो. पडलेला मान वर करून त्याच्याकडे बघतो, पायानं त्याची चप्पल लांब उडवतो, आणि दोघेही हसतात. चूक झाली, शिक्षा झाली, हिशोब मिटला. सगळं चार सेकंदांत. मॅच हरल्यावर कोणीतरी वडापावचे पैसे काढतो आणि विषय संपतो.

आता तेच चौघे आपापल्या घरी. चप्पल उडवता येत नाही, चेहरा दिसत नाही. उरतो फक्त आवाज, तोही तुटक, नेटवर्कनुसार उशिरा येणारा. मित्र गप्प बसला तर तो रागावलाय, की आई आली म्हणून माइक बंद केलाय, की नेट गेलंय, कळायला मार्ग नाही. मग प्रत्येक जण वाईटच अर्थ घेतो. शेजारी बसल्यावर नजरेतून जे कळतं ते ऑनलाइन ओरडून सांगावं लागतं. त्यात कानात हेडफोन असला की आपला आवाज किती चढलाय हे स्वतःला कळत नाही.

तिसरा प्रकार आणखी वेगळा: दोन मित्र आणि दोन 'रँडम', म्हणजे गेमने आपोआप जोडून दिलेले अनोळखी. तेव्हा मित्रांची जोडी एक होते आणि चुकीचं खापर रँडमवर फुटतं. तुमचा मुलगा एकटाच तीन मित्रांच्या टोळीत रँडम म्हणून गेला तर खापर त्याच्यावर.

म्हणून "किती वेळ खेळला" याआधी "कोणाबरोबर खेळला" हे विचारा. रोज तासभर त्याच तीन मित्रांबरोबर खेळणाऱ्या मुलाची मला चिंता वाटत नाही. रात्री दोनला एकट्याने रँडमबरोबर रँक चढवणाऱ्याची वाटते. (रँकबद्दल प्रश्न ६ पाहा.)

४. घरात कधी वावगा शब्द नाही, पण माइकवर आईबहिणीवरून शिव्या. हे कुठून शिकला?

तिथूनच. रँडमबरोबर बोलायची भाषा म्हणजे हिंदी, आणि त्या हिंदीत शिवी स्वल्पविरामासारखी येते. आमच्याकडची मराठी मुलं मित्राशी मराठीत बोलतात, रँडमशी क्षणात हिंदीत शिरतात, आणि शिव्यांचं प्रमाण त्याच क्षणी बदलतं. तोंड न दिसणाऱ्या माणसाशी आपण मोकाट बोलतो, हे नुसतं पोरांचं लक्षण नाही. जॉन सुलर या मानसशास्त्रज्ञाने २००४ मध्ये यावर लिहिलं तेव्हा बीजीएमआय जन्मालाही आला नव्हता. आपल्या सोसायटीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप उघडून बघा, पुरावा मिळेल.

माझ्या मते सगळ्या शिव्या एका मापाने मोजू नयेत. गोळी चुकल्यावर हवेत फेकलेली शिवी वेगळी. जात, धर्म, 'बिहारी', 'घाटी', मुलगी असणं, जाडेपणा किंवा तोतरेपणा यांवरून समोरच्याला लागेल असं बोलणं वेगळं. पहिलीवर डोळे वटारा. दुसरी ऐकली तर त्या दिवशी फोन काढून घ्या आणि का घेतला ते नीट सांगा.

घरात चालणारा साधा उपाय: हॉलमध्ये खेळायचं असेल तर हेडफोन एकाच कानात. आजी जवळ बसली आहे हे ऐकू आलं की भाषा आपोआप सुधारते. समोरचे शिव्या देत असतील तर गेममध्ये त्यांचा आवाज बंद करायची आणि तक्रार करायची सोय आहे. पोरांना ती माहीत असते, वापरत नाहीत, कारण ती वापरणारा 'रडका' ठरतो.

५. चौघांत माझ्याच मुलाला सगळे बोलतात. मस्करी म्हणून सोडून द्यायचं का?

स्क्वॉडमध्ये भूमिका ठरतात. एक हुकूम सोडणारा, त्याला 'आयजीएल' म्हणतात: कुठे उतरायचं, कधी धावून जायचं, कधी लपायचं हे तो ठरवतो. एक पुढे घुसणारा. एक लांबून नेम धरणारा. आणि एक उरलेला, ज्याच्या वाट्याला पट्ट्या-औषधं वाटणं, गाडी चालवणं आणि दोष घेणं येतं. हा बहुधा सगळ्यांत लहान असतो किंवा ज्याचा फोन अडकतो तो. फोन स्वस्त असल्यामुळे मरणाऱ्या मुलाला 'नूब', म्हणजे कच्चा लिंबू, म्हणतात तेव्हा त्याला उत्तर देता येत नाही. घरची परिस्थिती काढावी लागेल ना.

मस्करी ओळखायची खूण: ती फिरते. आज हा, उद्या तो. नेहमी एकाचवरच थांबत असेल, मुद्दाम त्याला रिव्हाइव्ह देत नसतील, त्याला लॉबीतून काढून 'जागा भरली' म्हणून सांगत असतील, किंवा त्याच्या चुकांचे व्हिडिओ वर्गाच्या ग्रुपवर टाकत असतील, तर तो छळ आहे. मग गेम बंद करून भागत नाही, कारण तेच चौघे वर्गात आहेत. वर्गशिक्षकांशी बोला.

उलट बाजूही तपासा. अनेकदा तक्रार करणाऱ्या पालकाचाच मुलगा आयजीएल निघतो.

६. हरला की उशी आपटतो आणि "एकच शेवटची" म्हणून पुन्हा बसतो. इतका राग कशाचा?

रँकचा. ब्राँझपासून सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम, डायमंड, क्राउन, एस अशा पायऱ्या आहेत आणि सगळ्यांत वर कॉन्करर. सीझन संपला की रँक खाली येते आणि पुन्हा चढाई. जिंकून मिळवलेले पॉइंट एका घाईच्या मॅचमध्ये जातात. ते परत मिळवायला लगेच दुसरी लावली जाते, आणि राग डोक्यात असल्याने ती आणखी वाईट जाते. रमीत हरलेला माणूस पान वाटायला सांगतो, तोच हिशोब.

राग उतरेपर्यंत शिकवण देऊ नका. "गेमच तर आहे" हे वाक्य तर नकोच, भारत वर्ल्डकप फायनल हरला तेव्हा तुम्हाला कोणी ते म्हटलं असतं तर? आमच्या स्पर्धेत दोन मॅच हरलेल्या संघाला सक्तीने दहा मिनिटं बाहेर पाठवतो. घरीही हा नियम करता येतो: सलग दोन हरलात की त्या दिवशी रँक नाही, हवं तर टीडीएम, म्हणजे दोन संघांची छोटी चकमक, खेळा. ती दहा मिनिटांच्या आत संपते आणि तिथे गमावण्यासारखं फार काही नसतं.

वस्तू फोडणं, स्वतःला मारून घेणं किंवा भावंडांवर हात उचलणं सुरू झालं असेल तर प्रश्न १२ वाचा.

७. मुलगी उत्तम खेळते पण माइक कधीच चालू करत नाही. लाजते का?

नाही हो, शहाणी आहे. मुलीचा आवाज ऐकला की रँडम लोक तीन गोष्टी करतात: नंबर मागतात, सल्ले देतात किंवा घाण बोलतात. म्हणून बऱ्याच मुली मुलाचं वाटेल असं नाव घेतात, पुरुष पात्र निवडतात आणि गेममधल्या तयार सूचनांची बटणं वापरून काम भागवतात. खेळात त्यामुळे तोटा होतो, कारण शत्रू कुठे आहे हे बोलून सांगायला अर्धा क्षण लागतो, बटणाने दोन. ती कमी पडत नाही, एक हात बांधून खेळते आहे.

ओळखीच्या मैत्रिणींचा स्क्वॉड असेल तर माइक बिनधास्त चालू होतो. मुलग्यांचे पालकही हा प्रश्न वाचत असतील तर बरं.

८. गेममधला एक 'भाई' रोज याच्याबरोबर खेळतो. वय माहीत नाही. काळजी करावी का?

बहुतेक वेळा तो परभणीचा किंवा पाटण्याचा दुसरा पंधरा वर्षांचा मुलगाच असतो. अशा मैत्र्या टिकतातही. पण पुढच्या खुणा दिसल्या तर थांबवा: गेममधून दुसऱ्या अ‍ॅपवर खासगीत बोलायला नेणं, फुकट यूसी किंवा डायमंड (गेममधले विकतचे पैसे) देऊ करणं, अकाउंटचा पासवर्ड किंवा ओटीपी मागणं, फोटो मागणं, "घरी सांगू नकोस" म्हणणं. शेवटची खूण एकटीच पुरेशी आहे.

पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. मुलाला फोटोवरून धमकावलं जात असेल तर १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन आहे, आणि पोलिसांत तक्रार होते. चॅट पुसू नका, स्क्रीनशॉट ठेवा. आणि मुलाला मारू नका. मार बसणार या भीतीनेच पोरं महिनोन्‌महिने गप्प राहतात.

९. (एका अकरावीतल्या मुलाचा प्रश्न) आमच्यातला एक जण हॅक वापरतो. त्याच्यामुळे आम्ही जिंकतो. सांगितलं तर मैत्री जाते. काय करू?

भिंतीपलीकडचे शत्रू दाखवणारी किंवा नेम आपोआप लावणारी ही हॅक बाहेरून घेतलेल्या फाइलींतून येतात. पकडलं गेल्यावर अकाउंट कायमचं बंद होऊ शकतं आणि तेव्हा त्याच्या सगळ्या स्किन, म्हणजे विकत घेतलेले पोशाख, जातात. त्याहून वाईट म्हणजे ती फाइल फोनमधल्या इतर गोष्टींतही हात घालू शकते, आणि तो फोन बहुधा वडिलांचा असतो, त्यातच त्यांचं यूपीआय.

तक्रार करायची की नाही हे तू ठरव. त्याच्याबरोबर रँक खेळू नकोस, एवढं मात्र आजच करता येईल. "तुझ्याबरोबर टीडीएम खेळतो, रँक नाही" म्हण. का ते तो विचारणार नाही, त्याला माहीत असतं. मंडळाच्या स्पर्धेत असा गडी सापडला तर आम्ही अख्खा संघ बाद करतो. तुम्हा तिघांना ठाऊक होतं असंच धरतो.

१०. पोशाखासाठी पैसे कशाला लागतात? आणि तीस रुपये भरून 'कस्टम' खेळतो ते काय?

दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली स्किन: बीजीएमआयमध्ये यूसी, फ्री फायरमध्ये डायमंड विकत घेऊन कपडे आणि बंदुकांचे रंग घेतात. लॉबीत चौघे शेजारी उभे दिसतात आणि साध्या कपड्यातला उठून दिसतो. शाळेत गणवेश का असतो ते इथे कळतं. घ्यायचं तर ठरावीक रक्कम, वाढदिवसाला, तुमच्या समोर. यूपीआयचा पिन मुलाला सांगू नका, फोन अनलॉक करणारा त्याच्या बोटाचा ठसा तर आधी काढा.

दुसरी गोष्ट गंभीर. टेलिग्राम-व्हॉट्सअ‍ॅपवर 'तीस रुपये एंट्री, दर किलला (मारलेल्या गड्यामागे) दहा' अशा खासगी मॅचच्या खोल्या चालतात, त्याच 'कस्टम'. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे भरून पैसे जिंकायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड होऊ शकतो. शिक्षा चालवणाऱ्याला, जाहिरात करणाऱ्याला आणि पैशांची देवाणघेवाण करणाऱ्यांना आहे, नुसत्या खेळणाऱ्याला नाही. कायद्यात ई-स्पोर्ट वेगळा धरला आहे आणि त्याला प्रवेश शुल्क चालतं, पण त्यासाठी मान्यता आणि नोंदणी लागते. टेलिग्रामवरच्या खोलीकडे ती नसते. आणि तुमचाच अकरावीतला मुलगा खोली चालवत असेल, असेही आहेत, तर आजच बंद करायला लावा. आम्ही मंडळात प्रवेश फी घेत नाही, बक्षीस म्हणून ट्रॉफी आणि हेडफोन देतो.

११. दिवसभर गोळ्या झाडून मुलगा हिंसक होईल का?

अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने २०२० मध्ये आपली भूमिका पुन्हा स्पष्ट केली: हिंसक गेममुळे खरी हिंसा होते असं म्हणायला पुरेसा पुरावा नाही, पण ओरडणं, ढकलणं अशा आक्रमकपणाशी छोटा, ठाम संबंध दिसतो. प्रश्न ३ मधला मुलगा आठवा. माझ्या पाहण्यात भांडणं बंदुकीवरून होत नाहीत, "तू आला नाहीस" यावरून होतात.

१२. किती तास म्हणजे व्यसन?

तासांवरून ठरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या यादीत 'गेमिंग डिसऑर्डर' आहे. त्यात पाहतात ते असं: खेळण्यावर ताबा राहत नाही, बाकी सगळ्यापेक्षा गेम वर जातो, नुकसान दिसत असूनही चालूच राहतो, आणि हे साधारण बारा महिने टिकतं, लक्षणं तीव्र असतील तर त्याआधीही निदान होतं. परीक्षेनंतरच्या सुट्टीत आठवडाभर पडून खेळणं यात बसत नाही. शाळा बुडणं, झोप उलटी होणं, मित्रांबरोबरचं खेळणंही सोडून फक्त रँडमबरोबर खेळणं, फोन काढून घेतल्यावर मरणाची भाषा, हे दिसलं तर वाट बघू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर मराठीत बोलता येतं. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेत यासाठी 'शट' नावाचं खास क्लिनिक आहे.

१३. सरळ फोनमधून काढून टाकलं तर?

२०२० ला सरकारने काढून पाहिलं. पोरं दुसऱ्या गेमवर गेली, काहींनी व्हीपीएन, म्हणजे बंदी चुकवून इंटरनेट वापरायची युक्ती, शिकून घेतलं. बीजीएमआय आला तेव्हा अठराखालच्यांना पालकांचा नंबर आणि दिवसाला तीन तासांची मर्यादा होती. पोरांनी 'मी अठरा पूर्ण' वर टिचकी मारली. दक्षिण कोरियाने २०११ मध्ये सोळाखालच्यांना मध्यरात्री ते सकाळी सहा ऑनलाइन गेम बंद केले होते, तोही कायदा पुढे रद्द झाला.

घरी काढायचं तर एका मुलाचं काढून उपयोग नाही. चौघांच्या पालकांनी बोलून एकच वेळ ठरवली, समजा नऊला सगळ्यांचे बंद, तर कोणीच 'टीम सोडून गेला' ठरत नाही. फोनवर हे सांगितलं की समोरून हमखास येतं, "पण त्या बाकीच्यांच्या घरचे ऐकणार नाहीत." चारपैकी दोन घरांनी ऐकलं तरी स्क्वॉड मोडतो.

१४. मावसभाऊ न्यू जर्सीत आहे. दोघांना एकत्र खेळायचंय, पण जमत नाही. का?

कारण बीजीएमआय भारतापुरता आहे आणि तिकडे पबजी मोबाइल. खेळ जवळपास तोच, पण अकाउंट आणि सर्व्हर वेगळे. कुठलाही दुसरा नेमबाजीचा गेम निवडला तरी सर्व्हर एका बाजूला असतो आणि लांबच्या मुलाला 'पिंग' जास्त येतो, म्हणजे त्याची गोळी उशिरा पोचते. मग "तू मुद्दाम हरवतोस" वरून दोन बहिणींच्या घरात रुसवे. त्यांना बुद्धिबळ लावून द्या, दहा मिनिटांच्या डावात पिंगने काही बिघडत नाही. वेळ रविवारी सकाळी सातची, तिकडे शनिवारची रात्र असते. आपल्याकडचा मुलगा रविवारी सातला उठतो का, हे तुम्ही बघायचं.